कूलंट बदललं तरी गाडी गरम होऊनच राहिली? फ्लशिंगच्या आधी आणि नंतर काय बघायचं

एप्रिल संपत आला की नागपुरात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. गाडी सकाळी नीट चालते. दुपारी व्हरायटी चौकात किंवा मानेवाड्याच्या सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की तापमानाचा काटा चढायला लागतो. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, "भाऊ, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कमी होतं, टाकून दिलं" म्हणतो आणि पंधरवड्याने पुन्हा तेच. मग कोणीतरी रेडिएटर फ्लश करायला, म्हणजे आतलं जुनं पाणी काढून धुऊन घ्यायला सांगतं. तेही होतं, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की काटा परत वर. पहिल्यांदाच गरम झालेल्या गाडीबद्दल मी इथे लिहीत नाही. दुरुस्त करूनही परत परत गरम होणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की फ्लशिंगने आतली घाण जाते, गळती थांबत नाही. कूलिंग सिस्टिम सगळीकडून बंदिस्त असते. धडधाकट गाडीत कूलंटची पातळी वर्षभरात जेमतेम बोटभर खाली येते. दर महिन्याला रेडिएटरला जोडलेली कूलंटची बाटली भरावी लागत असेल तर ते कूलंट कुठून तरी बाहेर जातंय, आणि ती वाट सापडण्याआधी नवीन कूलंट ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

दर मे महिन्यातच का?

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत ९५ अंश धरा. डिसेंबरच्या संध्याकाळी बाहेर २० अंश असतील तर फरक ७५ चा. मे महिन्यात बाहेर ४५ असतील तर उरले फक्त ५०. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण क्षमता एक तृतीयांशाने घटली. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंशही पाहिलेत, आणि सिमेंट रस्त्यालगतची हवा त्याहून तापलेली असते. वर एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला, तो हीच हवा आणखी गरम करून मागे पाठवतो. त्यामुळे अर्धवट बुजलेला रेडिएटर किंवा सैल झालेलं झाकण हिवाळाभर खपून जातं आणि मे महिन्यात उघडं पडतं. बिघाड बहुतेक वेळा दिवाळीपासूनच असतो.

काट्यावरही फार विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे तो हलला तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या तपासणीसाठी डॅशबोर्डखाली दिलेलं सॉकेट) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला की मोबाइलवर खरा आकडा दिसतो. सेन्सरही चुकतो म्हणा. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या, नंतर तो सेन्सरचाच दोष असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. गाडीत याचा उलटा प्रकार जास्त घातक असतो. पातळी फार खाली गेली की सेन्सर पाण्याबाहेर, वाफेत उघडा पडतो आणि तापमान कमी दाखवतो. चढलेला काटा एकाएकी खाली आला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, गाडी बाजूला घ्या.

आधी गळती शोधा

रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा अंथरून ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि वाळलं की मागे काही उरत नाही. कूलंटचा डाग रंगीत, बोटाला बुळबुळीत. पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात एक गंमत होते: बारीक गळतीचा थेंब खाली पडायच्या आधीच गरम इंजिनावर वाळून जातो. पुठ्ठा कोरडा, बाटली मात्र रिकामी. अशा वेळी टॉर्च घेऊन वाळलेले ओघळ शोधायचे. हिरवट किंवा गुलाबीसर पांढरी पूड जमलेली दिसते: होज पाइपच्या क्लॅम्पपाशी, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते त्या सांध्यावर, आणि वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं तिथे. त्या भोकातून ओघळ आलेला असेल तर पंपाचं सील गेलं. पंप बदला, फ्लशिंगच्या नादी लागू नका.

बाहेर काहीच दिसत नसेल तर गाडीच्या आत बघा. डॅशबोर्डखालचा गालिचा चिकट ओला, काचेवर तेलकट धुकं, गोडसर वास, असं असेल तर हीटरची छोटी जाळी फुटली आहे. तिथेही काही नाही आणि कूलंट तर कमी होतंय, मग हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) संशय घ्यायचा. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणं ठीक. ते थांबतच नसतील, पाणी उसळत असेल, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी लगदा दिसत असेल तर घरचं काम तिथेच संपलं. (थंडीच्या दिवसांत अगदी जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा लगदा नुसत्या दमटपणानेही जमतो, तेवढ्यावरून घाबरू नका.)

आणि मग झाकण. याच्याकडे कोणी बघत नाही, आणि परत परत येणाऱ्या तक्रारींत निम्म्या वेळा मला संशय त्याचाच असतो. रेडिएटरच्या झाकणात दोन वॉल्व असतात. एक आत दाब धरून ठेवतो, झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा लिहिलेला असतो तो त्याचाच. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ च्या दाबाखाली तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं आणि अर्धं पाणी-अर्धं कूलंट १२५ च्याही पुढे. झाकणाचं रबर कडक झालं, दाब टिकला नाही, की कितीही भारी कूलंट घातलं तरी ते लवकर उकळणार आणि बाटलीच्या नळीतून बाहेर पडणार.

दुसरा वॉल्व अगदी छोटा, मधोमध. इंजिन थंड होताना बाटलीत गेलेलं कूलंट तो परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. तो चिकटला तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती होते, आणि मालक रोज बाटली बघून निश्चिंत असतो. ओळखायची खूण सोपी आहे: सकाळी वरचा होज पाइप आत चपटा बसलेला दिसतो. झाकण बदलायचं तर आकडा तोच घ्या, जास्तीचा घेऊन फायदा नाही. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, प्लॅस्टिकच्या टाकीचं झाकणच दाब धरतं. तिथे ती टाकी हीच सिस्टिमचा भाग असते आणि तिला गेलेली केसासारखी चीरसुद्धा पुरेशी ठरते.

गरम कधी होते?

सिग्नलला गरम आणि समृद्धीवर किंवा वर्धा रोडवर मोकळं धावताना नॉर्मल, असं असेल तर संशय पंख्यावर. गाडी उभी ठेवून एसी लावा, रेडिएटरचा पंखा थोड्या वेळात फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच), कनेक्टर, मोटर या क्रमाने जा. उलट शहरात ठीक पण हायवेवर, सौसरकडून छिंदवाड्याचा घाट चढताना किंवा चार माणसं आणि सामान भरल्यावर गरम, तर रेडिएटर आतून वा बाहेरून बुजलाय किंवा पंप पाणी फिरवत नाही. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर, वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा थंडगार, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व, बंद अवस्थेत अडकलाय.

बाहेरून बुजणं म्हणजे जाळीत अडकलेली धूळ आणि किडे. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून रोज ये-जा असेल तर राखही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत ही घाण नमदा झाल्यासारखी बसते आणि समोरून दिसत नाही. थंड गाडीवर, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर असा साध्या नळीने पाण्याचा मारा करा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पातळ पत्री वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

आता फ्लशिंग

हे सगळं बघून झालं, गळती नाही, आणि आतलं पाणी तपकिरी किंवा गढूळ दिसतंय, तरच पुढे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना हे लागू करू नका, त्यांच्या बॅटरीचं कूलंट आणि एअर काढायची पद्धत वेगळी असते.

इंजिन पूर्ण थंड हवं. संध्याकाळी फिरवलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. गरम रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून का होईना, उघडायचं नाही. आतलं पाणी शंभराच्या वर असतं, दाब सुटताच ते उकळून तोंडावर येतं.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा. रेडिएटरखाली घमेलं सरकवा, खालचा प्लॅस्टिकचा नळ हाताने सैल करा. जुना असेल तर तो तुटतो, तेव्हा पक्कड लावून जोर करण्यापेक्षा खालचा होज पाइपच काढा. जे बाहेर येतं ते नीट बघा. शेजारच्या काकांच्या पेट्रोल हॅचबॅकमधून आलेलं पाणी थेट टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं आणि तळाशी बारीक लाल गाळ. थर्मोस्टॅट काढला तर त्याच्या कडेला पांढरट, खरखरीत कवच, नखाने निघत नव्हतं. कूलरच्या ताट्यांवर सीझनअखेर जो थर चढतो तोच हा. काका दोन उन्हाळे बोअरचं पाणी टाकत होते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातला चुना गरम पृष्ठभागावर आधी बसतो, आणि इंजिनात सगळ्यात गरम जागा नेमकी सिलिंडर हेडभोवतीची. नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, बोअरपेक्षा बरं, पण तेही यात नको. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या. स्पेअर पार्टच्या दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते चालतं, फक्त ॲसिडचा कॅन उचलून आणू नका.

नळ उघडला की सगळं पाणी निघालं, असं समजू नका. निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त निघतं, उरलेलं इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्येच राहतं. म्हणून नळ बंद करून डिस्टिल्ड पाणी भरायचं, इंजिन सुरू करून पंखा लागेपर्यंत चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा रिकामं करायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच चालू. कंटाळवाणं काम आहे, एका रविवारी उरकत नाही, आणि घाई केली की फसतं, कारण गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. फार गंज असेल तर बाजारातलं रेडिएटर फ्लश बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वापरा. कॉस्टिक सोडा मात्र नाही, तो ॲल्युमिनियम खातो.

आता बऱ्याच जणांचा घोटाळा होतो ती जागा. शेवटच्या फेरीनंतरही ब्लॉकमध्ये साधं पाणी शिल्लक आहे. त्यावर तुम्ही तयार मिश्रणाचं, म्हणजे 'थेट वापरा' लिहिलेलं कूलंट ओतलं की ते आणखी पातळ होतं. समजा सिस्टिम ५ लिटरची आहे आणि ३ लिटर निघालं. आत २ लिटर पाणी. वरून अर्धं-अर्धं असलेलं ३ लिटर ओतलं तर कूलंट पडलं फक्त दीड लिटर, म्हणजे तीस टक्के. नागपुरात पाणी गोठायची भीती नाही, पण गंज थांबवणारी रसायनंही तेवढीच कमी झाली, आणि दोन वर्षांनी परत तोच चहा. त्यापेक्षा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या: ५ लिटरच्या निम्मं म्हणजे अडीच लिटर ते आधी ओता, वर अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. हिशेब जुळला. एकूण क्षमता आणि प्रमाण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपन्यांचा आपापला रंग, त्याला कसलंही प्रमाण नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार आणि बाटलीवरचा प्रकार जुळतो का ते बघा, आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) अशी खूण शोधा. दोन प्रकार मिसळले तर कधीकधी लगदा तयार होतो आणि तो रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

एअर काढणं

फ्लशिंग करून लगेच दुसऱ्या दिवशी गाडी गरम झाली तर नव्वद टक्के हेच समजा. आत हवेचा फुगा अडकला की पंप पाणी पुढे ढकलू शकत नाही. गाडीचं तोंड उंचावर येईल अशी उभी करा, गेटचा उतार चालतो, हँडब्रेक आणि चाकांना ओंडके लावून. नरसाळ्याने अगदी हळू ओता, मधूनमधून वरचा होज पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंटची अखंड धार येईपर्यंत थांबा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते. भरा. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून कडक गरम हवा आली की झाकण लावा. हीटर थंड हवा फेकत असेल तर फुगा अजून आत आहे. टाकीच्या झाकणावरच दाब धरणाऱ्या गाड्यांत मॅन्युअलची पद्धत पाळा, काहींना व्हॅक्यूम लावूनच भरावं लागतं.

मे महिन्यात गाडीत बसून हीटर चालू ठेवा म्हटल्यावर घरचे ज्या नजरेने बघतात, ते सहन करायचं.

पुढचे तीन-चार दिवस सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा. थोडी उतरेल, ती अडकलेली हवा बाहेर पडल्यामुळे. त्यानंतरही उतरतच राहिली तर ती गळती.

गॅरेजचे जुने इलाज

"वॉल्व काढून टाकतो, गाडी गरमच नाही होणार." वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून गरम पाणी रेडिएटरला न जाता आतच फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त गरम होते. नवा थर्मोस्टॅट टाकून घ्या, त्याच आकड्याचा.

"पंखा डायरेक्ट करून देतो" हे रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं मान्य. कायमचं नाही: मोटर लवकर जळते आणि खरा बिघाड, बहुतेकदा रिले किंवा सेन्सर, तसाच राहतो.

हळद. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रकवाल्यांचा इलाज जुन्या जाड पितळी रेडिएटरला कधीकधी चालून जायचा. आताच्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की हळद गळतीआधी त्याच बुजवते. गळती बंद करायच्या पावडरींबद्दलही माझं हेच मत.

काढलेलं कूलंट

हे नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मूत्रपिंड निकामी करतं, थोडंसुद्धा कुत्र्या-मांजराच्या जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात आपण दारासमोर पाण्याची भांडी ठेवतो, तहानलेली कुत्री ती शोधतच फिरतात, आणि त्यांना घमेल्यातला फरक कळत नाही. काम चालू असताना घमेलं उघडं सोडून जेवायला जाऊ नका. रिकाम्या कॅनमध्ये भरून, वर ठळक लिहून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला विचारून तिथे द्या. सांडलेल्या जागेवर माती टाका, ती उचला आणि भरपूर पाण्याने धुवा. कोणी प्यायलंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर किंवा पशुवैद्य गाठा.

एवढं करूनही पातळी उतरत असेल तर गॅरेजमध्ये जाऊन "कूलंट टाका" असं सांगू नका, "प्रेशर टेस्ट करा" असं सांगा. हातपंपाने सिस्टिममध्ये झाकणावरच्या आकड्याइतका दाब देतात आणि काटा किती वेळ टिकतो ते बघतात, जिथून सुटतो तिथे ओल दिसते. झाकणाचीही तशीच चाचणी होते, तीही मागा. दाब टिकला आणि तरी पाणी जात असेल तर निळ्या द्रावणाची चाचणी करायला लावा: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, इंजिनातला धूर गॅस्केटमधून पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. हे निदान होईपर्यंत गाडी लांब न्यायची नाही. आणि जवळ नेतानाही काटा चढला तर एसी बंद, हीटर चालू, गाडी सावलीत बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि तासभर तरी झाकणाला हात नाही.